सीट धरून ठेवणे

जून-जुलै उजाडला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. आपल्याकडे कॉम्प्युटरवाला म्हटला की तो ॲडमिशनचे फॉर्म भरण्यातला तज्ज्ञ असतो असा एक समज आहे :) फॉर्म भरून होतो, नंबर लागतो, पेढे वाटून होतात. आणि मग आठवड्याभराने, आवाज जरा खाली आणून, खरा प्रश्न येतो. "ही सीट धरून ठेवली आणि पुढच्या वर्षी परत परीक्षा दिली तर चालतं का हो?"

चालतं का, याचं उत्तर माहितीपुस्तिकेत सापडतं. धरून ठेवावी का, याचं मात्र कुठल्याच पुस्तिकेत नसतं. आज दोन्हीबद्दल लिहितोय. जरा लांबेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

परदेशात याची थोडीफार रीतसर सोय आहे. इंग्लंडात युकास नावाची एक मध्यवर्ती खिडकी आहे. तिथं आलेल्या ऑफर्सपैकी दोन हातात ठेवता येतात, एक पक्की आणि एक इन्शुरन्स म्हणून. एक वर्ष उशिरा येतो म्हणून जागा राखूनही ठेवता येते. पण ती राखीव जागा हातात ठेवून पुढच्या वर्षी त्याच खिडकीतून दुसरीकडे अर्ज करता येत नाही, आधी हातातली सोडावी लागते. अमेरिकेतली बरीच कॉलेजं वर्षाची मुदत देतात, पण मधल्या काळात दुसरीकडे अर्ज करायचा नाही अशी अट घालतात. थोडक्यात काय, सोय आहे पण दोर बांधलेली.

आपल्याकडे 'पुढच्या वर्षी येतो, तेवढी जागा ठेवा' हा प्रकारच नाही. यंदाच्या सीईटीचे मार्क यंदापुरते, यंदाच्या नीटचे मार्क यंदापुरते. गॅप घेतली तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं आणि नव्या पोरांच्या रांगेत मागे उभं राहायचं. मग सीट धरायची कशी? एकच मार्ग. प्रवेश घ्यायचा, वर्गात बसायचं आणि त्याच वर्षात दुसऱ्या परीक्षेची तयारी करायची. क्लासवाल्यांच्या भाषेत याला पार्शल ड्रॉप म्हणतात. ऐकायला छान वाटतं. अर्धा ड्रॉप, म्हणजे अर्धीच रिस्क. प्रत्यक्षात तसं असतं का ते बघू.

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी लागतं. इथं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. आडम मास्तरांच्या (माजी आमदार नरसय्या आडम) नेतृत्वाखाली या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आपल्या वाट्याचे पैसे भरले, आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या घेतल्या. पुढे कुंभारीच्याच शिवारात रे नगर ही तीस हजार घरांची योजना उभी राहिली, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. आणि याच कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे विडी वळणाऱ्या आईच्या पोरीला ॲप्रन घातलेली पोरं-पोरी रोज दिसतात. स्वप्न बघायला लांब जावं लागत नाही. खाजगी कॉलेजची फी मात्र लांबूनच बघावी लागते.

पूर्व भागात आमच्या शेजारी राहणारी एक आक्का आता या वसाहतीत असते. मला राखी बांधते, त्यामुळे तिची लेक मला मामा म्हणते. पोरगी हुशार. २०२३ ला बारावी झाली, नीटमध्ये थोडक्यात राहिलं, एक वर्ष गॅप घेतली. २०२४ ची नीट आठवत असेल तुम्हाला. पाच मेला परीक्षा, चार जूनला निकाल, आणि सुरुवातीच्या निकालात ७२० पैकी ७२० वाले ६७ जण! (जुलैअखेरच्या सुधारित निकालात ते १७ झाले.) त्या वर्षी मार्क सगळ्यांचेच फुगले. पोरीचे मार्क वाढले आणि रँक उलटी मागे गेली. वर्षभर घरात बसून केलेल्या अभ्यासाचं हे फळ. सरकारी एमबीबीएस हुकलं.

पण तिनं सीईटीही दिली होती, त्यामुळे सोलापुरात बी.फार्मसीला नंबर लागला. त्यातच जुलै २०२४ मध्ये सरकारचा निर्णय आला होता. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत आधी निम्मी फी माफ होती, ती आता पूर्ण माफ. पोरगी त्यात बसत होती. म्हणजे फीची चिंता गेली. बसचा पास, पुस्तकं, ॲप्रन एवढाच खर्च उरला.

तरी प्रश्न आलाच. "मामा, सोडू का ठेवू?"

आक्का मागून म्हणाली, "मला त्यातलं काय कळतंय? पर हातचं सोडून पळत्याच्या मागं जाऊ नको म्हण की तिला."

पोरगी म्हणाली, "आई, हातचं धरून बसले तर पळते कधी?"

दोघींचंही बरोबर होतं. पंचाईत तिथंच होती.

अशा वेळी मी सरळ कागद घेऊन बसतो. सीट सोडली तर काय आणि ठेवली तर काय. सोडली तर सलग दुसरं वर्ष घरात. आसपासची माणसं विचारणार, लग्नाच्या गोष्टी सुरू होणार (हे कुणी कागदावर लिहीत नाही, पण गणितात धरावंच लागतं), आणि पुढच्या वर्षी पुन्हा नाही जमलं तर हीच फार्मसीची सीट मिळेल याची खात्री नाही. २०२४ ला नीटला २३ लाखांच्या वर पोरं बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर, त्यातही निम्म्याच्या आसपास सरकारी. जिच्या घरात दुसरा काही आधार नाही, तिनं या आकड्यांवर दोन वर्षं लावायची का?

ठेवली तर? इथं पार्शल ड्रॉपचं खरं रूप दिसतं. बी.फार्मसीला फार्मसी कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते. दुपारी प्रॅक्टिकल्स, जर्नल्स, सेशनल परीक्षा. कुंभारीहून बसने येऊन-जाऊन संध्याकाळी सहाला घरी पोचलेल्या पोरीला नीटचं फिजिक्स किती वेळ दिसणार? शिवाय नीट मेच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकी दुसऱ्या सेमिस्टरच्या अंगावर. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. मग ना हे ना ते. अर्धा ड्रॉप म्हणजे अर्धी रिस्क हे गणित चुकीचं आहे. पूर्ण ड्रॉपमध्ये एक गोष्ट हरता येते, अर्ध्या ड्रॉपमध्ये दोन.

म्हणून मी तिला सोड किंवा ठेव यातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "ठेवणार असशील तर कधीपर्यंत?"

आम्ही कोड लिहिणारी माणसं एखादी गोष्ट दुसऱ्यांपासून अडवून ठेवतो त्याला लॉक म्हणतो. लॉक घेण्यात गैर काही नाही, त्याशिवाय कामच होत नाही. पण लॉकला टाइमआउट लागतो. अमुक वेळात काम झालं नाही तर लॉक सुटलाच पाहिजे, नाहीतर आपलंही अडतं आणि मागच्यांचंही. पोरीनं तो टाइमआउट स्वतः ठरवला. पहिलं सेमिस्टर फार्मसी नीट करायची आणि रोज दोन तास नीट. जानेवारीअखेर सराव परीक्षेत ठरवलेल्या मार्कांना पोचली तर मेपर्यंत जोर लावायचा. नाही पोचली तर परीक्षा द्यायची पण जीव फार्मसीत घालायचा. मार्कांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि आईची सही घेतली. विडीच्या पासबुकानंतर आक्कानं बहुतेक पहिल्यांदाच कुठे सही केली असेल!

आता 'मागच्यांचंही अडतं' याबद्दल. यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

२०१५ पूर्वी आयआयटीची प्रवेश प्रक्रिया वेगळी आणि एनआयटीची वेगळी चालायची. एकच पोरगा दोन्हीकडे सीट घेऊन बसायचा. सगळ्या फेऱ्या संपल्यावर एक सोडायचा, आणि ती सोडलेली जागा रिकामीच राहायची. २०१५ पासून दोन्ही एकत्र करून जोसा आली. तिच्या मुळाशी गेल आणि शॅप्ली या दोघांनी १९६२ साली मांडलेला अल्गोरिदम आहे (शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयासाठी मिळालं). कल्पना साधी आहे. मिळालेली जागा तात्पुरती धरायची. पुढच्या फेरीत वरची मिळाली की आधीची त्याच क्षणी सुटते आणि मागच्याला जाते. जोसातला फ्लोट हा पर्याय म्हणजे हेच. माणसानं जागा धरावी, पण अडवू नये, अशी ही सोय आहे.

पण हे सगळं एकाच वर्षाच्या आत. यंदाची सीट आणि पुढच्या वर्षीची सीट एकत्र बघणारं सॉफ्टवेअर कुणी लिहिलेलं नाही. तिथं अल्गोरिदम म्हणजे आपणच.

आणि सगळ्या सीटा सारख्या नसतात. फार्मसीची किंवा इंजिनिअरिंगची सीट पहिल्या वर्षानंतर कुणी सोडली तर ती वाया जातेच असं नाही. डिप्लोमा करून आलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात, त्यात अशा रिकाम्या जागाही भरतात. एमबीबीएसला मागच्या दारानं दुसऱ्या वर्षात कुणी येत नाही. तिथं सगळ्या फेऱ्या संपल्यावर सोडलेली जागा साडेचार वर्षं रिकामी. एक डॉक्टर कमी, बस. म्हणून वैद्यकीयचे नियम कडक आहेत. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीतली जागा बिनदिक्कत सोडता येते, दुसऱ्या फेरीनंतर सोडली तर अनामत जाते (खुल्या गटाला दहा हजार, अभिमत विद्यापीठांत दोन लाख), आणि शेवटच्या स्ट्रे फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जप्त होऊन वर वर्षभर नीटला बसायला बंदी. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही नीट-पीजीच्या प्रकरणात जागा अडवण्यावर बोट ठेवलं. फी आधी जाहीर करा, केंद्राची आणि राज्यांची वेळापत्रकं जुळवा, अडवणाऱ्यांना दंड करा असं सांगितलं. आयआयटीचं तर आणखी सरळ आहे. एकदा आयआयटीत प्रवेश घेतला की जेईई ॲडव्हान्सला परत बसताच येत नाही. तिथं धरून ठेवण्याचा प्रश्नच मिटला.

फार्मसीची सीट धरून नीट देणाऱ्या पोरीला मी अपराधी का वाटू दिलं नाही, ते आता लक्षात येईल. आणि एमबीबीएसची सीट घेऊन 'अजून चांगलं कॉलेज मिळतंय का बघू' म्हणणाऱ्याला वेगळं का सांगतो, तेही.

सोडायचं ठरलं तरी घाई नको. याचं उदाहरण फार जुनं नाही. ५ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर झालं की जेईई ॲडव्हान्स दोनऐवजी तीनदा देता येईल. काही पोरांनी ते वाचून हातातली कॉलेजं सोडली आणि तयारीला बसली. १८ नोव्हेंबरला निर्णय फिरला, परत दोनच. तेरा दिवस! पोरं सुप्रीम कोर्टात गेली. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं एवढाच दिलासा दिला की त्या ५ ते १८ नोव्हेंबरच्या दरम्यान ज्यांनी शिक्षण सोडलं त्यांना परीक्षेला बसू द्या. त्यांच्यापुरतं झालं. पण प्रत्येक वेळी कोर्ट धावून येईल या भरवशावर कुणी कॉलेजचा राजीनामा देऊ नये. नियम माहितीपुस्तिकेत छापून येईपर्यंत तो नियम नाही, असं धरून चालावं.

पैशांचं आणि कागदांचंही बघून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा जास्त आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत (प्रक्रियेचा थोडा खर्च कापून), त्या पंधरा दिवसांच्या आत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर शून्य. व्यावसायिक अभ्यासक्रमांना सीईटी सेलची स्वतःची तारीख असते. तिच्या आत रद्द केलं तर हजार रुपये कापून बाकीचे परत. मूळ गुणपत्रिका, टीसी अडकवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही, हेही त्याच २०१८ च्या नियमात आहे.

प्रत्यक्षात काय होतं? आमच्या एका नातेवाइकाच्या मुलाला एका कॉलेजनं (नाव कशाला घ्या) चारही वर्षांची फी भर, मग टीसी नेऊ दे, असं सांगितलं. २००३ च्या इस्लामिक ॲकॅडमी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कॉलेजनं एका वेळी एकाच वर्षाची फी घ्यावी. पण मध्येच सोडून जाईल अशी शंका असेल तर उरलेल्या फीसाठी बाँड किंवा बँक गॅरंटी मागता येते, असंही त्यातच आहे. त्या मुलाच्या वडिलांनी प्रवेशाच्या दिवशी गर्दीत न वाचता केलेली सही शेवटी आडवी आली, आणि तडजोड करून कागद सोडवावे लागले. म्हणून सांगतो, मूळ कागद देताना पोच घ्या, आणि बाँड असेल तर घरी आणून वाचा.

आक्काच्या लेकीचं काय झालं हे सांगायला हवं. जानेवारीअखेर ती ठरवलेल्या आकड्याला जेमतेम पोचली. मेपर्यंत जोर लावला. चार मे २०२५ चा पेपर तुम्हाला माहीतच असेल. फिजिक्सनं भल्याभल्यांना रडवलं, देशात पहिल्या आलेल्यालाही ६८६ च मिळाले. पोरीचं सरकारी एमबीबीएस या वेळीही हुकलं. दुसऱ्या सेमिस्टरला एक विषय राहिला, तो नंतर निघाला. दुसरीकडे कुठेतरी लांब आयुर्वेदाला नंबर लागू शकत होता. मी विचारलं, "बघायचं का?" तर म्हणाली, "नको मामा. परत पहिल्या वर्षाला बसायचं नाही. वहीत लिहिल्याप्रमाणे झालंय की."

आता ती फार्मसीतच आहे. औषधं कशी बनतात यापेक्षा ती शरीरात जाऊन काय करतात ते शिकायला तिला आवडतं म्हणे. सीट ठेवली म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरला, असं मी म्हणणार नाही. नीटमध्ये नंबर लागला असता तर हाच निर्णय आणखी शहाणपणाचा वाटला असता, आणि फार्मसीत दोन-तीन विषय राहिले असते तर वेडेपणाचा. निकालावरून निर्णय जोखायचा नसतो. निर्णय घेताना समोर काय होतं, त्यावरून जोखायचा. तिच्यासमोर एक फी-माफ सीट होती, आईचे थकलेले हात होते आणि स्वतःची इच्छा होती. तिनं तिन्ही धरले, आणि कुठलं कधी सोडायचं ते आधी लिहून ठेवलं.

तर मंडळी, यंदा कुणी तुम्हाला हा प्रश्न विचारलाच, तर माझ्या हिशेबानं एवढं सांगा :

१. ज्याच्या घरी पडल्यावर झेलायला दुसरं कुणी नाही, त्यानं सीट धरण्यात लाजण्यासारखं काही नाही. हातात काही नसताना बिनधास्त झेप घेणं हे ज्यांच्याकडे आधीच जाळी बांधलेली आहे त्यांना परवडतं.

२. धरायची तर सोडायची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर मन ती तारीख पुढे ढकलत राहतं.

३. हजेरीचे, फी परतीचे, कागदांचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेतून वाचा. मित्राच्या मित्राकडून नको.

४. सोडायचं पक्कं झालं की एक दिवसही थांबू नका. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी सोडलेली सीट कुणाच्या तरी घरी पेढे घेऊन जाते. नंतरच्या दिवशी सोडलेली कुठेच जात नाही.

चौथा मुद्दा बहुतेकांना बिनमहत्त्वाचा वाटतो, कारण मागच्या नंबरवरचं पोर आपल्याला दिसत नाही. त्याला फक्त यादीत एक अर्ज क्रमांक असतो. पण तेही रोज रात्री साइट रिफ्रेश करत बसलेलं असतं.

असो. फार झालं. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.